डोईफोडे बाईंचे गाईड

“सर, उठा त्या खुर्चीतून.”

“नाही उठणार. तुम्ही घरी जा आणि पडा.”

“ती खुर्ची माझी आहे!”

“आज माझी आहे. हट्ट करू नका, बाई. चेहरा बघा तुमचा, पांढराफटक पडलाय.”

“तुमच्यामुळेच पडलाय!”

हे भांडण चाललं होतं विद्यापीठाच्या सभागृहात, आणि तेही डोईफोडे बाईंच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत. समोर बाहेरगावहून आलेले परीक्षक चष्मा पुसत बसलेले. मागच्या रांगेत बाईंचा नवरा, शाळेतल्या मैत्रिणी आणि मांडीवर पेढ्यांचा पुडा घेतलेल्या सासूबाई. विद्यार्थ्याच्या खुर्चीत गाईड बसलेला आणि विद्यार्थिनी उभी. असं का झालं, ते ऐका.

एका तालुक्याच्या कॉलेजात एक भोळे सर होते. निळकंठ धानोरकर त्यांचं नाव. माणूस सरळ. सांगाल तेवढंच करणार आणि सांगाल तसंच करणार. बायकोने “जरा दाराकडे लक्ष ठेवा” म्हटलं, तर दाराकडे टक लावून बसायचे. खिडकीतून मांजर आत आलं, दूध पिऊन गेलं, तरी मान वळवायचे नाहीत. अशा माणसाला डॉक्टरेट कशी मिळाली हे विचारू नका. मिळाली.

त्यांच्या हाताखाली सुगंधा डोईफोडे पीएचडी करत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं, घरचं उरकायचं, आणि सुट्टी आली की उन्हातान्हात गावोगाव हिंडून जुन्या आडांची आणि बारवांची नावं गोळा करायची. कुठे सुनेची बारव, कुठे उपाशी आड. प्रत्येक नावामागे एक गोष्ट, आणि ती गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून चाललेली. “या वयात कुठं डॉक्टर व्हायचंय?” असं भावकीतल्या बायका तोंडावर विचारायच्या. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या गावची एसटी धरायच्या.

तेवढ्यात विद्यापीठाने ठरवलं की गाईड लोकांनी आधी गाईड कसं व्हायचं ते शिकावं. विचार चांगलाच होता. ज्याला पोहता येत नाही त्याने दुसऱ्याला विहिरीत ढकलू नये, एवढाच त्याचा अर्थ. शिकवायला होत्या बोराळकर मॅडम, मोठ्या हुशार आणि मोठ्या सोशिक. सोशिक होत्या, म्हणजे धानोरकर सर वर्गात येईपर्यंत.

पहिल्या वर्गात मॅडम म्हणाल्या, “विद्यार्थ्याला आयतं उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, तुम्हाला काय वाटतं?”

सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डोईफोडे बाई पहिलं प्रकरण घेऊन आल्या. हाताने लिहिलेलं, एकच प्रत. सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि कोपराने चहाचा कप लवंडला.

“सर, सर! चहा सांडतोय माझ्या प्रकरणावर!”

सर शांत. “तुम्हाला काय वाटतं, का सांडत असेल?”

“अहो, उचला आधी ते!”

“उचलल्याने काय साध्य होईल, असं तुम्हाला वाटतं?”

चहा शेवटच्या पानापर्यंत मुरला. सुनेची बारव गेली, तिची गोष्टही गेली. बाईंनी सगळं पुन्हा लिहून काढलं.

सरांनी हे मॅडमना कौतुकाने सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो सर, तिथं बोलत बसायचं नव्हतं! विद्यार्थी अडचणीत दिसला की पुढे व्हायचं आणि काम आपल्या हातात घ्यायचं.”

“असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो.”

पुढच्या वेळी बाई उपाशी आडाच्या गावी गेल्या. सरही गेले. गयाबाई नावाची म्हातारी ओट्यावर बसली होती. त्या आडाची गोष्ट ठाऊक असलेली तेवढी एकच उरली होती. बाईंनी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“आजी, उपाशी का म्हणतात हो याला?”

गयाबाई आठवू लागली. बाई थांबल्या. जुनी माणसं आठवतात तेव्हा थांबावंच लागतं. पण सरांना वाटलं, विद्यार्थिनी अडली. त्यांनी मोबाईल स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि घसा खाकरून पाण्याचं महत्त्व या विषयावर बोलायला लागले. बोलले, बोलले, बॅटरी संपेपर्यंत बोलले.

गयाबाई उठली. “तुमच्या मालकांचं झालं की या मग, बाय,” म्हणाली आणि आत गेली.

“मालक नाहीत हो ते,” बाई म्हणाल्या. “गाईड आहेत.”

“मंग तर लईच अवघड हाय,” आतून आवाज आला.

ती गोष्ट मिळवायला बाईंना पुन्हा एकट्याने जावं लागलं.

मॅडम म्हणाल्या, “अहो सर, तिथं मागे राहायचं होतं! विद्यार्थी आपलं काम करतोय ना, मग आपण दिसायचंसुद्धा नाही.”

“असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो.”

पुढची वेळ आली ती विद्यापीठाच्या समितीपुढे. काम कुठवर आलं हे सांगायचं होतं आणि शेजारी गाईड असणं सक्तीचं होतं. बाई उभ्या राहिल्या. सर गायब.

“तुमचे गाईड कुठे आहेत?” अध्यक्षांनी विचारलं.

“आत्ता इथंच होते.”

सर पडद्यामागे होते. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. बाईंनी हाक मारली तशा चपला आत ओढल्या गेल्या. अध्यक्ष चिडले. “गाईडलाच पर्वा नसेल तर आम्ही काय करायचं? ही शेवटची मुदत. त्यात तोंडी परीक्षा झाली नाही तर तुमची नोंदणी रद्द.”

बाई त्या दिवशी एसटीत तोंडावर पदर घेऊन बसल्या. इतक्या वर्षांची पायपीट, आणि ती बुडाली तर एका माणसाच्या शहाणपणामुळे बुडणार होती.

मॅडमचा आवाज आता चढला होता. “अहो सर, तिथं पुढे येऊन मोठ्याने तिची बाजू मांडायची! चारचौघांत कौतुक करायचं!”

“असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो.”

मुदतीच्या धास्तीने बाईंनी रात्रंदिवस बसून प्रबंध पुरा केला, दिला आणि तापाने आडव्या झाल्या. सर भेटायला गेले. खाटेभोवती शेजारीपाजारी जमलेले. सर मधोमध उभे राहिले आणि गरजले, “डोईफोडे बाई म्हणजे कष्टाचा आदर्श! असं व्यक्तिमत्त्व पुन्हा होणे नाही!” गल्लीतल्या बायकांनी बाहेरून एवढंच ऐकलं आणि त्यांना दारातच रडू फुटलं. सासूबाईंनी सरांना पोह्यांच्या बशीसकट बाहेर घालवलं.

मॅडम आता हात जोडून बोलत होत्या. “अहो सर, माणसाचा चेहरा उतरलेला दिसला, हात कापताना दिसले, तर एवढंच म्हणायचं, तुम्ही घरी जा आणि पडा. आणि त्या दिवसाचं त्याचं काम आपण उरकायचं. कळलं?”

“कळलं. पुढच्या वेळी तसंच करतो.”

आणि पुढची वेळ म्हणजे ही तोंडी परीक्षा. परीक्षेला कुणाचा चेहरा उतरत नाही? कुणाचे हात कापत नाहीत? बाई दारातून आत आल्या, सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले.

परीक्षक परगावचे. त्यांना कोण कोण हे माहीत नव्हतं, आणि परतीची गाडी गाठायची होती. भांडण थांबेना, तशी त्यांनी खुर्चीकडे बघून सुरुवातच केली. “उपाशी आड हे नाव कसं पडलं?”

सर म्हणाले, “त्याला कुणी जेवू घातलं नसेल.”

मागच्या रांगेत नवऱ्याने डोळे मिटले.

“तुम्ही तो आड पाहिलाय का?”

“नाही. मी दुसरीकडे बघत बोलत होतो.”

परीक्षकांनी पेन उचललं. रिवाज असा, की निकाल लिहिण्याआधी गाईडचं मत विचारायचं. ते गाईडच्या खुर्चीकडे वळले. खुर्ची रिकामी.

“या विद्यार्थ्याचे गाईड कोण आहेत?”

सर खुर्चीत तसेच घट्ट. बाईंनी पदर खोचला, चालत गेल्या आणि गाईडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. हात कापायचे थांबले होते.

“मी आहे,” त्या म्हणाल्या. “माझा हा विद्यार्थी मनाने चांगला आहे, पण त्याने एकही आड पाहिलेला नाही, तेव्हा त्याला नापास करा, घरी जाऊन पडायला सांगा, आणि पुढच्या विद्यार्थिनीला त्या खुर्चीत बसवा, ती मीच आहे.”