खड्याचा चुना

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. आग ओकून थंड झालेल्या एका डोंगराला दोन लेकरं होती, काळाकभिन्न खडा आणि त्याची धाकटी बहीण, बारीक माती. दोघांच्या अंगात सारखाच चुना भरून डोंगराने त्यांना नदीच्या हवाली केलं.

खडा जड, म्हणून पायथ्याशीच बसून राहिला. माती मात्र पाण्याबरोबर पार खाडीपर्यंत गेली.

पुढे एका महापुराने खड्यालाही खाडीत आणून टाकलं. बहिणीला पाहून तो हबकलाच. अंग लिबलिबीत झालेलं, आणि चुना तर नावालाही नाही!

"दादा, आलास?" माती हरखून म्हणाली.

"लांबूनच बोल," खडा गुरकावला. "बाबांनी दिलेलं सगळं उधळलंस ना? माझ्याकडे बघ, कणभरही कमी झालेलं नाही."

मातीने मान खाली घातली. शेजारच्या शिंपलीला मात्र राहवेना.

"अहो खडोबा, माझं हे पांढरं घर हिच्याच चुन्याचं. ही जितकी बारीक झाली, तितका तो पाण्यात सुटत गेला. आमची अख्खी आळी त्यावर उभी आहे. तुम्ही तुमच्या चुन्याचं काय केलंत?"

खड्याने स्वतःकडे पाहिलं. चुना अंगातच होता, जसाच्या तसा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीकडे बघायचीही त्याची हिंमत होईना.

भरतीची लाट आली, तेव्हा तो खालमानेने त्या लाटेला एवढंच म्हणाला, "बये, मला जरा जोरात घास."