ओसरीवरचे पान

एकदा एक तुपाचा व्यापारी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, वेणूला, घेऊन एका वृद्ध वैद्यांकडे आला. मुलगी अंगाने फार जड झाली होती. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. गल्लीतल्या मुलींनी तिला खेळात घेणेही सोडले होते.

"सहा महिने कडक पथ्य पाळतो आहोत," व्यापारी म्हणाला. "आम्ही आत जेवतो, हिचे पान ओसरीवर वेगळे मांडतो. पेज आणि दोडक्याची भाजी. तरी गुण म्हणून नाही."

"मी लाडू चोरते," वेणू खाली मान घालून म्हणाली. "मी वाईट आहे."

वैद्यांनी नाडी पाहिली नाही, चूर्ण दिले नाही. "उद्या तुमच्याकडे जेवायला येतो," एवढेच म्हणाले. शेजारी बसलेला त्यांचा शिष्य गोंधळला. त्याने तर खलबत्ता पुढे ओढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा थाट होता. व्यापारी, त्याची आई, पत्नी आणि धाकटा भाऊ पंक्तीला बसले; शिष्यही त्यांच्यात बसला. वैद्य पाटापर्यंत आले, आपले रिकामे पान त्यांनी उचलले आणि सरळ ओसरीवर वेणूशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "मलाही पेजच वाढा."

आत कुणाचा हात पानाला लागेना. शिष्याची तर पुरती पंचाईत झाली. उठावे तर अन्नाचा अपमान, बसावे तर गुरूंचा. अर्धी पोळी त्याने कशीबशी गिळली.

व्यापारी हात जोडून बाहेर आला. "आमचे काही चुकले का?"

"पेज उत्तम आहे," वैद्य म्हणाले. "पण आतून तुपाचा वास येतो, तुमचे हसणे ऐकू येते, आणि पोर इथे शिक्षा झाल्यासारखी बसते. तिला पंक्तीची भूक आहे, शेटजी. ती भागत नाही, म्हणून लाडू चोरते. पथ्याआधी 'माझ्यासाठी एक घास' असे तुम्ही चौघे तिला रोज म्हणत होतात ना? मग वजन वाढवायला चौघे आणि उतरवायला एकटी, हा कुठला न्याय? तिच्या पानात जे, तेच सगळ्यांच्या पानात वाढा. आणि संध्याकाळी सगळे मिळून नदीपर्यंत चाला."

दारात येऊन ऐकणारी आजी आत वळली. म्हातारी रागावली, असे शिष्याला वाटले. पण ती भिंतीचा आधार घेत पुन्हा बाहेर आली. तिच्या हातात तिचे पान होते. गुडघे सांभाळत ती नातीशेजारी टेकली.

तीन महिन्यांनी गुरुशिष्य पुन्हा तिथे गेले. ओसरी रिकामी होती. मुलीचे काही बरेवाईट तर झाले नाही ना, या शंकेने शिष्य घाईने दारापर्यंत गेला. आत पाहतो तर एकच पंगत. सर्वांच्या पानात भाकरी, पालेभाजी, ताक. सण म्हणून वाटीभर खीर. वेणू काही सडपातळ झाली नव्हती, पण तिचा चेहरा मोकळा होता. व्यापाऱ्याने सवयीने खिरीची पळी तिच्यापुढे केली.

"पुरे बाबा, पोट भरले."

पळी क्षणभर तशीच राहिली. 'एकच घास' हे शब्द व्यापाऱ्याच्या ओठांपर्यंत आलेले सर्वांना दिसले. त्याने ते गिळले आणि पळी मागे घेतली. वेणू हात धुऊन मुलींत खेळायला पळाली.

आपल्या घरी कुणाचे पान ओसरीवर मांडलेले आहे, तेवढे पाहून मग जेवायला बसावे.