यंत्र गप्प होतं तिथं

समुद्राच्या मानानं म्हणाल तर कालपरवाचीच गोष्ट. भिकू पागी कंबरभर पाण्यात धातू शोधणारं यंत्र फिरवून हरवलेले दागिने धुंडाळायचा. एकदा जवळून एक शार्क चालली होती. यंत्र तिला म्हणालं, “मावशी, वाळूखालची अंगठीसुद्धा मला ऐकू येते. मी गप्प, म्हणजे खाली काही नाही.”

“बाळा, तू गप्प असतोस तिथंच माझं जेवण लपलेलं असतं. पुढं वाळूत पाकट मासा बसलाय, शेपटीला विषारी काटा आहे. धन्याला थांबव.”

“मला ऐकू आलं नाही, म्हणजे नाहीच.”

भिकूनं पाऊल टाकलं आणि काटा पोटरीत घुसला. महिनाभर तो अंथरुणात होता.

आता तो यंत्र नेतोच, पण आधी काठीनं वाळू चाचपतो. काठीला सोन्यातलं काही कळत नाही, आणि कळतं असं ती कधी म्हणालीही नाही.