असुराच्या छातीतला विस्तव

एका राज्यात राजा मेला की चुली विझत. पाण्याने नव्हे, वाऱ्याने नव्हे. राजाने शेवटचा श्वास सोडला की घरोघरचा विस्तव आपोआप राख होई, आणि चकमक कितीही झाडली तरी ठिणगी पडत नसे. मग राजाच्या वंशातल्या कुणीतरी रणखेळाच्या गडावर जायचे, तिथल्या ज्वालकंठ असुराला मारायचे आणि त्याच्या छातीतला निखारा काढून आणायचा. निखारा राजवाड्याच्या चुलीत पडला की सगळ्या राज्याच्या चुली पेटत, आणि आणणारा गादीवर बसे. राजा जगे तोवर असुर मेलेला राही. राजा गेला की पुन्हा उठून आपल्या दारात उभा राही. असे एकेचाळीस राजे झाले आणि एकेचाळीस वेळा असुर मेला. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. वाटावे कशाला? असुर मरण्यासाठीच असतो, हे त्या राज्यातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होते.

एकेचाळिसावा राजा हेमध्वज वारला आणि लोक भिजवलेले हरभरे नि कच्चे कंद चावू लागले. थोरला राजपुत्र जयध्वज गडावर गेला, तो परत आला नाही. गडावरच्या बोलक्या साळुंकीने त्याचे रक्ताळलेले उपरणे चोचीत धरून आणले आणि राणी सुवेषेच्या मांडीवर टाकले. राणीने धाकट्या लेकीला, मंदारिकेला बोलावले.

"माझा लेक त्याने मारला. निखारा आण, नाहीतर राहू दे. त्याचे मरण मला आणून दे."

"आणते, आईसाहेब," मंदारिका म्हणाली. भावाइतके तिला जगात दुसरे कुणी जवळचे नव्हते. तिच्याही पोटात आग होती, सगळ्या राज्यात उरलेली तेवढीच.

त्या असुराला ती फार पूर्वीपासून ओळखत होती. राजवाड्याच्या अंगणात मुले गडावरच्या त्या लढाईचा रणखेळ खेळत तेव्हा असुराचे सोंग कुणालाच नको असे. मग ते धाकटीच्या गळ्यात पडे. जयध्वज लाकडी तलवार मारी आणि ती धाडकन पडे. असुराचे बोल तिला तोंडपाठ होते. रोज मरून मरून तिचे गुडघे फुटलेले असत, आणि "तू छान मरतेस हं" असे भावाने म्हटले की तिला उगाच रडू येई.

गडाच्या पायथ्याशी एक काळी शिळा होती. शिळेवर साळुंकी बसली होती. पुन्हा पुन्हा तेच सांगून कंटाळलेल्या आवाजात ती बोलली:

"जीव तीन. मेलीस की या शिळेवर उठशील. तिसऱ्यांदा मेलीस की उठणार नाहीस. दारे तीन. पहिल्याशी धुके, दुसऱ्याशी पाती, तिसऱ्याशी तो. तो पडला की लगेच डोके उडव. मरता असुर बोलला तर ऐकणाऱ्याला शाप लागतो."

"असे कोण म्हणते?"

"पहिला राजा म्हणाला. आत जा."

पहिला जीव धुक्यात गेला. धुक्याने जयध्वजाच्या आवाजात तिला हाक मारली, ती धावली आणि कड्यावरून कोसळली. शिळेवर उठली तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता. भावाची हाक तेवढी कानातून जाईना.

दुसऱ्या खेपेला तिने कानात मेण भरले, धुके ओलांडले, भिंतींतून फिरणारी पाती वाकून चुकवली आणि ती तिसऱ्या दाराशी पोचली. उंबऱ्याबाहेर मातीच्या बोळक्यात पेज ठेवलेली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. हेही तिला ठाऊक होते. कुलदेवी आपल्या वंशजासाठी ठेवते, असे राजपुरोहित सांगत. तिने बोळके उचलले आणि तिचे हात थबकले. पेज ऊन होती. सगळ्या राज्यात विस्तव नाही, आणि पेज ऊन! बोळक्याच्या काठावर तीन जाड बोटांचे काळे डाग पडले होते. कुलदेवीला बोटे पाच होती, देवळातली मूर्ती तिने हजारदा पाहिली होती.

पेज पिऊन, कानातले मेण काढून ती आत गेली. असुर खांबाएवढा उंच होता आणि त्याच्या छातीच्या फासळ्यांमागे लाल उजेड होता. तो गरजला:

"ये, राजबीजा, ये! तुझ्या आजोबांचे हाड अजून माझ्या दातांत आहे! तुझ्या रक्ताने माझी तहान भागव!"

अक्षर न अक्षर तेच, जे ती अंगणात म्हणत असे. तिचे आजोबा तर ह्याला मारून पन्नास वर्षे राज्य करून बिछान्यात वारले होते. ती क्षणभर घुटमळली. तेवढ्यात गदा खाली आली. मरता मरता तिने पाहिले, गदा मारताना असुराने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

तिसऱ्या खेपेला बोळके पुन्हा भरलेले होते. तिने शेवटचा थेंबही ठेवला नाही. आत जाऊन तलवार खाली धरून ती म्हणाली, "ही पेज कोण ठेवते? तूच ना?"

"ये, राजबीजा, ये!" असुर गरजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंड गरजत होते. "तुझ्या आजोबांचे हाड..."

गदा उठली. जीव एकच उरला होता. भावाचे उपरणे तिला आठवले, आईची मांडी आठवली, आणि तिने तलवार त्याच्या बरगडीत खुपसली. असुर गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. लगेच डोके उडवायचे होते. तिने तलवार उचलली, पण खाली आणली नाही. एकेचाळिसांनी जे केले नव्हते ते तिने केले, ती थांबली. मरताना त्याच्या जिभेवरचे कुलूप गळून पडले.

"मी गावाचा विस्तव राखत होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "शेजारणी खापर घेऊन येत, विस्तव मागत, मी देत असे. पहिल्या राजाला पराक्रम हवा होता. राज्यात मारण्याजोगे कुणी नव्हते. त्याच्या मांत्रिकाने विस्तव माझ्या छातीत कोंडला आणि मला असे रूप दिले."

"माझ्या भावाला का मारलेस?"

"लढताना हात माझे नसतात. उपाशी माणसाचा वार चुकतो आणि माझ्या हातून तो मरतो, म्हणून पेज ठेवतो. त्याने लाथाडली. त्याची मान मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. क्षमा मागत नाही."

"ह्यातून सुटका नव्हतीच का?"

"होती. देण्याची सवय मांत्रिकालाही मोडता आली नाही. दारात उभे राहून कुणी नुसता विस्तव मागितला असता, तर मी दिला असता. शाप तिथेच सुटला असता. पण सगळे तलवारच घेऊन आले." त्याने तिच्याकडे पाहिले. "तूही."

मंदारिकेने दोन्ही हातांनी त्याची जखम दाबून धरली. रक्त थांबेना. "आता मागते," ती ओरडली, "विस्तव द्या, बाबा, विस्तव द्या!"

"घे," तो म्हणाला. "एका घरात कोंडू नका. मला परत उठवू नका." आणि मेला. तिथे असुर उरला नाही. पांढऱ्या मिशांचा एक किरकोळ म्हातारा पडला होता. त्याच्या छातीतला निखारा तिने पेजेच्या बोळक्यात घेतला आणि त्याला त्याच्याच दारात पुरले.

राजवाड्याच्या चुलीकडे ती गेलीच नाही. वेशीवर पहिली बाई भेटली, तिच्या खापरावर निखारा ठेवून तिने सांगितले, "चूल पेटव, आणि शेजारणीला दे." दुपारपर्यंत घरोघर धूर निघू लागला. आता राजा मेला तरी चुली विझणार नव्हत्या, असुर उठणार नव्हता. गडाची दारे कोसळली, शिळा दुभंगली, साळुंकी रानात उडून गेली.

मग मंदारिकेने लोकांना चौकात बोलावून सगळे सांगितले. लोकांनी आदराने ऐकले. प्रधान हात जोडून म्हणाले, "नव्या राणीसाहेबांचे मन थोर. शत्रूचीही दया येते." टाळ्या पडल्या. आणि त्याच विस्तवाने पहिली गोष्ट लोकांनी काय केली? गवताचा भला मोठा असुर बांधून चौकात उभा केला. सुवेषा पुढे झाली, चुलीतले कोलीत हातात घेऊन.

"आईसाहेब, नका," मंदारिका म्हणाली.

"माझा लेक परत येईल?"

"नाही," मंदारिका म्हणाली.

"मग दया तू कर," आई म्हणाली. "मला जमणार नाही." तिने गवताला आग लावली. मंदारिकेने तिचा हात धरला नाही. पोरे नाचली, ढोल वाजले, आणि दर वर्षी हाच सण करायचा असे प्रधानांनी तिथल्या तिथे जाहीर केले.

शाप सरला. राज्य सावरले. मंदारिका राणीने पुढे चांगला कारभार केला, आणि दर वर्षी त्या दिवशी, असुराला मारणारी म्हणून, हार गळ्यात घालून ती सिंहासनावर बसून राहिली. त्या म्हाताऱ्यासाठी रडावेसे वाटणारे माणूस राज्यात ते एकच होते, आणि त्याला चारचौघांत रडायची सोय नव्हती.