खंड्याची चोच

"मास्तर, खंड्याला चोच ठेवायची की नाही, एवढंच सांगा."

अभिरामने चपला काढता काढताच विचारलं.

गजेंद्र मास्तर सांगलीत राहत. उभं आयुष्य नट घडवण्यात गेलेलं. अभिराम शिरोळकर त्यांचाच विद्यार्थी. आता मुंबईत नाव कमावलेला दिग्दर्शक. 'वीर खंड्या' या जुन्या चित्रकथेवर त्याने मोठा सिनेमा केला होता. खंड्या पक्ष्याचा वेष चढवून लोकांच्या हाकेला धावणारा नायक. पाठीवर निळी केप, नारिंगी छाती, नाकावर लांब चोच.

अभिरामने पाठवलेला सिनेमा मास्तरांनी कालच पाहिला होता.

"सिनेमात तर चोच नाहीच."

"मीच काढली. वेष काळा केला. चित्रकथा वाचायला ठीक, पडद्यावर ते सगळं कसं चालेल? पण थोड्या लोकांना दाखवला, तर... कुणी टाळी वाजवेना. आता निर्माते म्हणतात, पुस्तकात आहे तसा करा, नाहीतर सिनेमा डब्यात. माझं बरोबर आहे, मास्तर. तुम्ही एक शब्द टाका, ते ऐकतील."

मास्तरांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"सिनेमाभर त्याला कुणी खंड्या म्हणून हाक का मारत नाही रे?"

"नाव जरा... पोरकट वाटतं."

"हं..."

"थांबा, दाखवतोच." अभिरामने पिशवीतून एक वेष बाहेर ओढला. "पुस्तकात आहे अगदी तसा शिवून घेतला होता. बघा आणि सांगा, हसू येतं की नाही?"

मास्तरांनी वेष हातात घेतला. उलटसुलट पाहिला. आत गेले.

बाहेर आले ते खंड्या होऊन. सत्तरी ओलांडलेलं शरीर, नारिंगी छातीखाली सुटलेलं पोट. चोचीला चष्मा अडत होता. तो त्यांनी काढून अभिरामच्या हातात दिला.

"चल. भाजी आणायची आहे."

"मास्तर... असं?"

मास्तर जिना उतरलेसुद्धा.

बाजार भरात होता. आधी एक बाई हसली, मग सगळी रांग. पानपट्टीवरच्या एका तरुणाने शिट्टी मारली.

"काका, कसली जाहिरात?"

"जाहिरात नाही. मी खंड्या," मास्तर म्हणाले. शांतपणे. आपलं खरं नाव सांगावं तसं.

अभिराम बराच मागे राहिला होता. त्याने मोबाइल कानाला लावला आणि दुकानांच्या पाट्या वाचत चालू लागला.

पुढे एक बटाटेवाली टेम्पोतून पोतं उतरवायच्या खटपटीत होती. मास्तरांना पाहून तिला हसू आवरेना.

"अहो खंड्या! नुसतं हसवताय काय? हे पोतं उतरवा की!"

हाक आली तसे मास्तर धावले. पोत्याखाली हात घातले. पोतं हललं नाही. त्यांनी पाय रोवले, पुन्हा जोर लावला. केप कोबीच्या पाल्यात लोळत होती. पण तोंडावर थट्टेचा लवलेश नव्हता. पोतं आपल्यालाच उतरवायचंय, बाकी काही त्यांना दिसत नव्हतं.

हसणं हळूहळू विरलं...

शिट्टी मारणारा तो तरुण पुढे आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. पोतं खाली आलं.

"बरं झालं बाई, आलात," बटाटेवाली म्हणाली. मास्तरांच्या चोचीला माती लागली होती. तिने ती पदराने पुसली.

कुणी हसलं नाही.

मास्तर वळून मागे आले. मोबाइल अजून अभिरामच्या कानाला होता.

"कुणाचा फोन?"

अभिराम पुढची पाटी वाचू लागला.

"कुणाचा रे?"

"कुणाचाच नाही, मास्तर."

"सिनेमाभर तू खंड्यापासून असाच लांब चालला आहेस."

अभिरामचा हात खाली आला. त्याने त्या बटाट्यांच्या पोत्याकडे पाहिलं. मान वर केली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"पुन्हा शूट करतो," तो म्हणाला. "सगळं."

मास्तरांनी केपची गाठ सोडली, पाला झटकला आणि ती त्याच्या गळ्यात बांधली. मग चोच त्याच्या नाकावर चढवली.

"मास्तर... इथे मला लोक ओळखतात. हसतील."

"हसतील. कोथिंबीर राहिली आहे अजून. तू पुढे हो."