एका छपराचे दोन धूर

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. तेव्हा नद्यांना पूल नव्हते आणि नगरांना वेशी होत्या.

अशाच एका छोट्या नगराची एक रीत होती. वेशीच्या आत घर बांधायचं तर मोठं चौसोपीच, अंगण-ओसरीसकट. आणि एका छपराखाली चूल एकच. दुसरी चूल मांडली की घर फुटलं, असं लोक मानायचे. ज्याला एवढं घर झेपत नसे, त्यानं नदीपलीकडे राहायचं.

या नगरात राहीआक्का नावाची विधवा राहायची. लेकी सासरी गेल्या, एवढ्या घरात ती एकटी. एक दिवस नदीपलीकडची म्हातारी सुईण तिचा निरोप घ्यायला आली. नगरातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली.

"जाते गं आक्का, भाचीच्या गावाला. गुडघे आता नदी उतरू देत नाहीत."

राहीआक्कानं तिला ओसरीवर बसवून घेतलं. ही गेली तर नगरातल्या लेकीसुनांनी कुणाच्या भरवशावर बाळंत व्हायचं?

"माझ्याकडे राहा की. मागचा सोपा रिकामाच आहे, घुशी नांदतात तिथं."

"राहीन. पण चूल माझी मी मांडणार. या वयात दुसऱ्याच्या तव्याकडे बघत बसायचं नाही मला. आणि झेपेल तेवढं भाडं घ्यायचं."

"घेईन. घुशी तेवढंही देत नव्हत्या."

दुसऱ्याच दिवशी छपरातून दोन धूर निघाले, आणि नगरशेट पंचांना घेऊन दारात उभे.

"आक्का, तुम्ही घर फोडलंत."

"कुणाशी फोडू, शेटजी? घरात मी एकटी."

पंच गालात हसले. नगरशेट हसले नाहीत. "रीत ती रीत. एक चूल विझवा, नाहीतर दोघींनी वेस सोडायची."

सुईण गाठोडं बांधू लागली. राहीआक्कानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग माजघरात गेली आणि स्वतःच्याच चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. बाईची छाती बघा!

धूर एकच उरला, पण तो मागच्या सोप्यातून निघत होता.

आता त्या नगराची दुसरी रीत अशी, की घरधनिणीची चूल विझली म्हणजे त्या घरी दुःख आहे असं समजायचं. ती चूल पुन्हा पेटेपर्यंत नगरानं पाळीपाळीनं तिला पिठलं-भाकरी पोचवायची. एक रीत पाळायची आणि दुसरी मोडायची, असं नगरशेट तरी कोणत्या तोंडानं सांगणार?

मग रोज एका घरची भाकरी येऊ लागली. बाया ओसरीवर टेकायच्या, मागच्या सोप्यात डोकवायच्या. सारवलेली एकच खोली, कोपऱ्यात चूल.

"एवढ्यात भागतं का गं मावशी?"

"न भागायला काय झालं? झाडायला कमी, आणि हाक मारली की आक्का ओ देते."

बाया घरी जाऊन आपापल्या बंद खोल्यांकडे बघू लागल्या.

एकदा पाळी आली नगरशेटच्या बायकोची. तिच्या धाकट्या लेकाला लग्नानंतर आपली वेगळी चूल हवी होती, पण वेगळं चौसोपी घर झेपलं नाही, म्हणून तो बायकोला घेऊन परमुलखात गेला होता. भाकरीची टोपली खाली ठेवून ती सुईणीच्या उंबऱ्यावर बसली, ती उठेचना. घरी येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आपली माडी रिकामी आहे. तिथं चूल मांडू दिली असती, तर पोर इथंच राहिलं असतं. रीत राखलीत तुम्ही, लेक राखला नाहीत."

सकाळी नगरशेट एकटेच राहीआक्काच्या दारात आले. हातात निखाऱ्यांचं खापर.

"आक्का, पेटवा तुमची चूल. दोन्ही जळू देत."

पुढे कुणी माडीवर बिऱ्हाड ठेवलं, कुणी परसात दोन खोल्या काढल्या. वेशीलगत भिंतीला भिंत लावून लहान घरांची ओळच उभी राहिली. कुंभार आले, विणकर आले. नगरशेटचा लेक माडीवर परतला, आणि त्याची पहिली मुलगी त्याच सुईणीच्या हातांवर जन्मली.

म्हणून सांगते, जिथं लहानमोठ्या सगळ्या चुलींना जागा असते, तिथंच माणसं टिकतात.