शेजारणीच्या झुडपांवरचा बर्फ

फार उंचावरच्या एका गावात एक बागवान राहत होता. वर्षातले सहा महिने तिथं नुसता बर्फ. आंब्या-पेरूचं नावच नको. यायची ती तांबड्या, आंबटगोड बेरीची झुडपं.

गावाचा एक रिवाज होता. उन्हाळ्यात ज्याची बेरी आधी पिकेल, त्याने देवीला पहिलं ताट वाहायचं आणि सगळ्या गावाने त्याच्या मागून चालायचं. सात वर्षं हा मान बागवानाचा होता. आठव्या वर्षी तो शेजारणीला मिळाला. तिची झुडपं होती जेमतेम वीस.

बागवानाच्या पोटात दुखू लागलं. जेवताना, झोपताना त्याला तिचं ते ताटच दिसे. "काल बाग लावली आणि आज मिरवते," तो बायकोला म्हणे.

"अहो, पण तिनं तुमचं काय घेतलं?" बायको विचारी. त्यावर तो अधिकच चिडे.

हिवाळा आला. बागवान रोज सकाळी फावड्याने आपल्या बागेतला बर्फ काढायचा आणि कुंपणावरून शेजारणीच्या झुडपांवर लोटायचा. मरू देत एकदाची गुदमरून, असं मनात म्हणायचा. स्वतःची बाग त्याने मातीपर्यंत लख्ख केली.

शेजारीण दारातून म्हणाली, "भाऊ, तुमच्या झुडपांवरही थोडा बर्फ राहू द्या हो."

'घाबरली,' बागवानाला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट बर्फ लोटला.

मग बोचरा वारा सुटला. पंधरा दिवस अशी थंडी पडली की विहिरीवरचा दोर लाकडासारखा कडक झाला.

पुढे बर्फ वितळला. शेजारणीच्या झुडपांना पालवी फुटली. बागवानाने आपल्या झुडपाची फांदी वाकवली, तर ती कटकन मोडली. खणून पाहिलं, मुळं काळी पडलेली. एकही झुडूप वाचलं नव्हतं. तो तिथंच बसून रडला.

यंदाही शेजारणीचीच बेरी आधी पिकली. शेजारीण ताट घेऊन त्याच्या दारात आली. मागे सारा गाव होता.

"भाऊ, यंदाचं ताट तुम्ही उचला. उघड्या मातीत थंडी मुळापर्यंत उतरते. माझी झुडपं बर्फाखाली उबेत राहिली, आणि तो बर्फ तुमचा."

गप्प राहिलं की मान आपला, हे बागवानाला कळत होतं. त्याचे हात पुढेही झाले. पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"ताई, मी तुमची बाग गाडायला निघालो होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. जपणारा माणूस इतकं फावडं आपटत नाही."

ताट तिनेच वाहिलं. बागवान पहिल्यांदाच न जळता दुसऱ्याच्या ताटामागून चालला. परतताना तिने त्याला पाच रोपं दिली आणि म्हणाली, "येत्या हिवाळ्यातला बर्फ मात्र आपापल्या बागेतच ठेवू."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याची बाग गाडायला निघालेला माणूस आपल्याच बागेची मुळं उघडी टाकतो.